टर्म ग्रँट नाही

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कॉलेजच्या फलकावर यादी लागली. 'टर्म ग्रँट न झालेले विद्यार्थी, द्वितीय वर्ष बीबीए, आरोग्यसेवा व्यवस्थापन, सत्र तिसरे.' म्हणजे हजेरी कमी पडल्यामुळे ज्यांना सत्राच्या परीक्षेला बसता येणार नाही असे. सात नावं होती, त्यात चौथं माझं. मी ड्यूटी संपवून थेट आले होते, अंगावर रुग्णालयाचा गणवेश तसाच होता. शेजारी उभी असलेली वर्गातली मुलगी हळूच म्हणाली, "ताई, आता वर्ष गेलं."

तिचं म्हणणं मी खरं धरलं आणि कार्यालयात काहीही न विचारता घरी आले. त्या संध्याकाळची ही चूक आजही आठवते, कारण मी रोज ज्या कामाचा पगार घेते त्याच कामातली ती चूक आहे.

मी नाशिकमधल्या एका खासगी रुग्णालयात कॅशलेस डेस्कवर बसते. विमा असलेला पेशंट आला की त्याची पॉलिसी, आधार आणि डॉक्टरांची चिठ्ठी घ्यायची, पूर्वमंजुरीचा फॉर्म भरून कंपनीकडे पाठवायचा, कंपनीने क्वेरी काढली की तिचं उत्तर द्यायचं. तातडीने दाखल झालेल्या पेशंटची माहिती ठरलेल्या मुदतीत, बहुतेक पॉलिसींत २४ तासांत, कंपनीला कळवावी लागते. ती कळवली नाही म्हणून रडकुंडीला आलेले नातेवाईक मी नऊ वर्षं पाहतेय. त्यांना मी सांगते, "काका, पॉलिसीचं पुस्तक वाचायला हवं होतं. सगळं त्यात लिहिलेलं असतं." आणि स्वतःच्या पदवीचं पुस्तक मात्र मी दीड वर्षात एकदाही उघडलं नव्हतं. प्रवेशाच्या वेळी मिळालेली नियमावली कपाटात साड्यांखाली होती.

वयाच्या तिशीत मी पदवीला का बसले, हे आधी सांगते. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकमधल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली, पुरवठा तुटला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. मी तिथे नव्हते, आमच्याच डेस्कवर होते. पण त्या दुपारी शहरातल्या प्रत्येक रुग्णालयात एकच प्रश्न होता, आपली टाकी कोण पाहतं? आमच्याकडेही उत्तर द्यायला माणसं इकडून तिकडे धावत होती. डॉक्टर उपचार करतात, सिस्टर औषध देतात, पण टाकी, लिफ्ट, जनरेटर, रक्ताच्या पिशव्या, फायली, जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या आणि लाल पिशव्या, हे सगळं वेळेवर जागेवर असण्यासाठी कोणीतरी शिकलेलं माणूस लागतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा लख्ख दिसलं. मला ते शिकायचं होतं. डेस्कवर बसून फॉर्म भरणं मला येत होतं, पण रुग्णालय चालतं कसं हे येत नव्हतं.

नाशकात पदवीचं नाव सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाची का?" नाही. आमची पदवी वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखेत येते. २०२४-२५ पासून बीबीए अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या अखत्यारीत आलं आणि राज्यात त्यासाठी सीईटी सुरू झाली. त्या पहिल्याच तुकडीत मी. बारावीनंतरच्या खंडासाठी प्रतिज्ञापत्र केलं. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, त्यामुळे क्रेडिट बँकेचं, म्हणजे शिकलेल्या विषयांची क्रेडिट (श्रेयांक) जिथे ऑनलाइन जमा होतात ते, खातं जुळेना. विवाह नोंदणीचा दाखला जोडून राजपत्रात नावबदल करून घेतला, मग जुळलं. यात दोन महिने गेले. ज्या मुलींची लग्नं झाली आहेत त्यांनी हे काम सीईटीच्या आधीच उरकावं, एवढंच त्याबद्दल सांगण्यासारखं आहे.

पहिलं वर्ष नीट गेलं. सत्राला २२ क्रेडिट, वर्षाची ४४, सगळी खात्यात जमा. मेडिकल टर्मिनॉलॉजीत तर मी वर्गात पुढे होते, नऊ वर्षं डॉक्टरांचं अक्षर वाचलं होतं.

मग दुसऱ्या वर्षी पितृपक्ष संपता संपता आई पडली. पिंपळगाव बसवंतला आमचं घर आहे. ओट्यावर पाणी सांडलेलं होतं, पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. दादाची द्राक्षाची छाटणी तोंडावर आलेली. आमच्या भागात ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत मजुरांची टोळी मिळाली की बाग सोडता येत नाही, छाटणी चुकली की वर्षाचं पीक चुकतं. वहिनीला तीन महिन्यांचं बाळ. ऑपरेशन, मग वॉकर, मग आईला उठवणं-बसवणं. शिकवणीचे २२ दिवस मी कॉलेजला गेले नाही. रुग्णालयातून रजा घेतली, ती लेखी घेतली. कॉलेजला मात्र काहीच कळवलं नाही. वाटलं, परत गेल्यावर सांगू, मॅडम समजून घेतील. मॅडमनी समजून घेतलंही. पण हजेरीपटावर समजून घेण्याचा रकाना नसतो.

यादी लागली त्या रात्री साड्यांखालून नियमावली काढली आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले. पॉलिसी वाचते तशीच वाचली. आधी व्याख्या, मग अटी, मग अपवाद, मग मुदती. हातात पेन्सिल. रात्रीचे दोन वाजले.

पहिली गोष्ट सापडली ती हजेरी कशी मोजतात ही. मी आजवर एकच आकडा धरून चालले होते, एकूण हजेरी ७५ टक्के. नियमात मात्र 'प्रत्येक विषयात' असं होतं. आमच्याकडे सत्राचे शिकवणीचे दिवस ९० धरले तर २२ दिवस म्हणजे जवळजवळ २४ टक्के. म्हणजे आईजवळचे दिवस सोडले आणि बाकी एकही खाडा नसता, तर मी ७६ टक्क्यांवर काठावर सुटले असते. पण बाकीचे खाडे होते. शिफ्ट लांबली, पेशंटची फाइल अडकली, की पहिला तास बुडायचा. बहुतेक विषयांत मी ६२ ते ६८ टक्क्यांत होते. रुग्णालय लेखांकनात सगळ्यात वाईट अवस्था. चार क्रेडिटचा विषय, एका क्रेडिटला पंधरा तास म्हणजे एकूण साठ तास. त्यातले मी ३२ बसले होते. हे तास शनिवारी सलग असायचे आणि शनिवारी सकाळी माझी ड्यूटी असायची.

दुसरी गोष्ट, हजेरीत सूट मिळते. कॉलेजात तिला सगळे 'कंडोनेशन' म्हणतात आणि ते फक्त स्वतः आजारी पडलं तरच मिळतं असं ठामपणे सांगतात. मी ते वाक्य तीनदा वाचलं. 'विद्यार्थ्याचे आजारपण अथवा प्राचार्यांच्या मते सबळ असे अन्य कारण.' पुढे अटी होत्या. हजेरी ६० टक्क्यांच्या खाली नसावी. यादी लागल्यापासून सात दिवसांत लेखी अर्ज, पुराव्यासह. सात दिवसांतला एक दिवस मी रडण्यात घालवला होता.

तिसरी गोष्ट वाचून मला झोप लागली. एखाद्या विषयाची टर्म ग्रँट झाली नाही तर तो विषय राहतो, सगळं सत्र राहत नाही. आणि पुढच्या वर्षात जाण्यासाठी किती क्रेडिट हवीत त्याचा तक्ता होता. एटीकेटी हा शब्द आपण नापास झालेल्यांसाठी वापरतो, पण त्याचा मूळ अर्थच टर्म पुढे चालू ठेवण्याची परवानगी असा आहे. एक विषय राहिला तरी मी तिसऱ्या वर्षाला जाऊ शकत होते. वर्ष गेलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एका मैत्रिणीने सहज सुचवलं, "तुमच्याच हॉस्पिटलमधून डेंग्यूचा कागद आण ना. सीझनच आहे." तिने काळजीपोटीच सांगितलं, आणि नाशकात पावसाळ्याअखेर डेंग्यू हे कोणालाही पटणारं कारण आहे. पण माझं कामच कागद तपासण्याचं आहे. डिस्चार्ज कार्डावर एक तारीख आणि प्लेटलेटच्या रिपोर्टवर दुसरी दिसली की मी फाइल बाजूला ठेवते. असा कागद माझ्या हाताने आणून मी त्या खुर्चीत परत बसू शकले नसते. शिवाय आईचं दुखणं खरं होतं. खऱ्या कारणाला खोटा कागद का जोडायचा?

अर्ज लिहायला दोन रात्री लागल्या. आधी एकच कारण लिहिलं, आईचं ऑपरेशन. मग हजेरीपटाची नक्कल समोर ठेवली तेव्हा दिसलं की लेखांकनाचे निम्मे खाडे ऑगस्टमधले आहेत, आई पडली सप्टेंबरात. सगळं आईच्या नावावर घातलं असतं तर कदाचित कोणी पाहिलंही नसतं. मी तक्ता केला. तारीख, विषय, कारण. आईसाठीचे खाडे एका रकान्यात, ड्यूटीमुळचे दुसऱ्या रकान्यात. सोबत आईचं डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, माझ्या रुग्णालयाचं रजामंजुरीचं पत्र आणि नियमावलीतल्या त्या कलमाचा क्रमांक.

कार्यालयातल्या भाऊसाहेबांनी अर्ज हातात घेतला, वाचला आणि म्हणाले, "ठेवून जा, सरांना दाखवतो." एरवी मी ठेवून आले असते. त्या दिवशी म्हटलं, "भाऊसाहेब, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का द्या." ते क्षणभर थांबले, मग शिक्का मारला. सहावा दिवस होता. हे इतकं तपशिलात लिहितेय कारण यादीतल्या सातांपैकी दोघांचे अर्ज 'मिळालेच नाहीत' म्हणून बाजूला पडले, आणि त्यांच्याजवळ शिक्क्याची प्रत नव्हती.

सातांमध्ये सुरगाण्याची एक मुलगी होती. वसतिगृहात राहणारी, एकोणीस वर्षांची, घरातली पहिली कॉलेजात आलेली. तिला खरोखर टायफॉइड झाला होता आणि ती गावी जाऊन पडली होती. तिने ठरवलं होतं की आता परत यायचं नाही. मी तिला पायऱ्यांवर बसवून नियमावली दाखवली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात पदवी मधेच सोडण्याची सोय आहे, पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका. सोडलं तर तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करायची असते. पण नुसती ४४ क्रेडिट असून प्रमाणपत्र मिळत नाही, त्यासाठी चार क्रेडिटचं जादा कौशल्याचं काम करावं लागतं. ते तिने केलेलं नव्हतं, कारण तिला ते कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे त्या दिवशी सोडलं असतं तर हातात प्रमाणपत्रही आलं नसतं. तिच्याजवळ ग्रामीण रुग्णालयाचा केसपेपर होता, घडी घालून वहीत ठेवलेला. अर्ज तिथेच लिहिला. तिचं कारण माझ्यापेक्षा सरळ होतं. तिला सगळ्या विषयांत सूट मिळाली आणि ती आज वर्गात आहे.

अर्जांवर निर्णय घेणाऱ्या समितीपुढे माझा नंबर आला तेव्हा प्राचार्य, विभागप्रमुख आणि एक ज्येष्ठ प्राध्यापिका बसल्या होत्या. प्राचार्यांनी तक्ता बघितला.

"हा दुसरा रकाना तुम्ही स्वतःहून दिलाय?"

"हो सर."

"नोकरी हे कारण आम्हाला धरता येत नाही. नियमित पदवी आहे ही."

"माहीत आहे सर. म्हणूनच वेगळं लिहिलंय."

मग विभागप्रमुखांनी क्षेत्र प्रकल्पाचं विचारलं. तो दोन क्रेडिटचा असतो, म्हणजे साठ तास प्रत्यक्ष काम. मी तो माझ्याच रुग्णालयात केला होता आणि त्यांची शंका रास्त होती. ड्यूटीचेच तास प्रकल्पाचे म्हणून दाखवले तर नाहीत ना? मी नोंदवही पुढे केली. विषय होता डिस्चार्जला होणारा उशीर. २९ मे २०२४ च्या परिपत्रकात विमा नियामक प्राधिकरणाने सांगितलं की कॅशलेसची पूर्वमंजुरी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत कंपनीने द्यायची. तरी आमच्याकडे सकाळी राउंडला डॉक्टरांनी 'डिस्चार्ज' लिहिलेला पेशंट संध्याकाळी घरी जायचा आणि सगळे कंपनीला बोल लावायचे, मीही लावायचे. प्रकल्पासाठी मी ड्यूटी संपल्यावर फाइलच्या मागे मागे फिरले. फाइल वॉर्डात डिस्चार्ज समरीची वाट पाहत पडून असते. उरलेली औषधं फार्मसीत परत जाईपर्यंत बिल बंद होत नाही. फिजिओथेरपीची नोंद राहिलेली असते. बिल माझ्या डेस्कवर येईपर्यंतच दुपार झालेली असायची. कंपनीचे तीन तास त्यानंतर सुरू होतात. नऊ वर्षं मी त्या साखळीच्या शेवटच्या कडीवर बसून पहिल्या कड्यांविषयी काही जाणत नव्हते. नोंदवहीत प्रत्येक दिवसाची वेळ होती, नर्सिंग इन्चार्ज सिस्टरची सही होती, आणि शेजारी माझ्या ड्यूटीचा तक्ता लावला होता, दोन्ही वेळा एकमेकींवर येत नाहीत हे दिसावं म्हणून.

प्राध्यापिका बराच वेळ वाचत राहिल्या. म्हणाल्या, "हे तुम्ही तुमच्या मॅनेजमेंटला दाखवलं का?" दाखवलं होतं. आता आमच्याकडे औषध परतीचं काम आदल्या संध्याकाळी सुरू होतं.

निर्णय चार दिवसांनी लेखी आला. लेखांकन सोडून सगळ्या विषयांत सूट. लेखांकनात ५३ टक्के हजेरी, ६० च्या खाली, तिथे प्राचार्यांच्याही हातात काही नव्हतं. तो विषय पुन्हा पूर्ण बसायचा, अंतर्गत गुणांसकट नव्याने. वाईट वाटलं. त्या विषयाच्या एका चाचणीत मला चांगले गुण होते, ते गेले. पण निर्णय बरोबर होता असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. साठातले अठ्ठावीस तास न शिकलेला माणूस रुग्णालयाचं अंदाजपत्रक कसं वाचणार?

परीक्षेला सतरा दिवस होते. आमच्याकडे अंतर्गत आणि लेखी दोन्हींत स्वतंत्र उत्तीर्ण व्हावं लागतं, एकाचे गुण दुसऱ्याला पुरत नाहीत. आईला दादाने नाशिकला माझ्याकडे आणून सोडलं होतं. ती वॉकर घेऊन घरभर चालायची आणि मी त्या ठकठकीच्या तालावर साथरोगशास्त्र वाचायची. प्राथमिक आरोग्य केंद्र सपाटीवर ३० हजार लोकसंख्येला, आदिवासी आणि डोंगरी भागात २० हजारांना, उपकेंद्र पाच हजारांना आणि तीन हजारांना. हे आकडे आईलाही पाठ झाले. ती म्हणाली, "मग आपल्या पेठ-सुरगाण्याकडे डॉक्टर का नसतो गं?" त्याचं उत्तर माझ्या पुस्तकात नव्हतं.

बाकी सगळे विषय सुटले. तिसऱ्या सत्राची १८ क्रेडिट आली, चौथ्याची पूर्ण २२. दोन वर्षांची ८८ व्हायला हवी होती, खात्यात ८४ दिसतात. सत्राच्या सरासरीत लेखांकनाचं शून्य धरलं गेलं आणि तिसऱ्या सत्राचा आकडा खाली आला.

आता तिसरं वर्ष सुरू आहे आणि शनिवारी सकाळी मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांमध्ये लेखांकनाला बसते. त्यासाठी रुग्णालयात लेखी अर्ज देऊन शनिवार सकाळची ड्यूटी शुक्रवारच्या रात्रपाळीत बदलून घेतली, त्याच्याही दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. पहाटे सुटले की त्र्यंबक रोडवर चहा घेते आणि साडेसातला पहिल्या बाकावर असते. घसारा काय असतो हे मला गेल्या वर्षी कळलं नव्हतं, ते यंदा कळलं. सीटी स्कॅनचं मशीन पहिल्या दिवसापासून जुनं होत असतं आणि त्याची किंमत दरवर्षी हिशेबातून उतरवावी लागते, तरच नवीन घ्यायच्या वर्षी तारांबळ उडत नाही.

सहाव्या सत्रात प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आहे, चार क्रेडिट, १२० तास. या वेळी स्वतःच्या रुग्णालयात करायचं नाही असं ठरवलंय. ऑक्टोबर २०२६ च्या अखेरीस सिंहस्थाचं ध्वजारोहण आहे, त्यानंतर नाशिक-त्र्यंबकच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत गर्दीची तयारी चालू असणार. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या एखाद्या आरोग्य केंद्रात काम मिळावं म्हणून अर्ज लिहून ठेवलाय. नियमावलीच्या त्या पानावर खूण केलेली आहे. मार्गदर्शक कोण असू शकतो, नोंदवहीवर कोणाची सही लागते आणि मुदत कधी संपते. सुरगाण्याची मुलगी म्हणाली, मीही येते. तिचाही अर्ज सोबतच द्यायचाय, सोमवारी.